बराकीतले बारा कागद

१

यशोधरा वाघचौरेला काळजी करायला कारण लागत नसे. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती अंबरनाथच्या घराचा जिना पुन्हा चढून जायची. बंदच असलेला गॅस बघून उतरताना दाराला कुलूप लावलं की नाही, याचा घोर सुरू व्हायचा. नवरा बुद्धभूषण चिडवायचा, "काळजी नसली तर तुला उपाशी राहिल्यासारखं होतं." तेव्हा शनिवारी सकाळी सव्वानऊला तिने ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं ते संशय आला म्हणून नव्हे, नुसतं सवयीने.

विस्ताराची फाईल जागेवर होती. नकाशे होते, अंदाजपत्रक होतं, अग्निशमनचा दाखला होता. फक्त निळा फोल्डर नव्हता.

तिने वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, फाईल झटकून पाहिली. मग खाली बसून कपाटाच्या बुडाखाली हात घातला. हाताला जळमटं लागली. तिला वाटलं, इतकी वर्षं उगाच करत आलेली काळजी आज एकदम वसूल झाली.

उल्हासनगर कॅम्प चारमधलं 'उमेद निरीक्षणगृह' म्हणजे एका ट्रस्टने सरकारी अनुदानावर चालवलेली संस्था. हातून गुन्हा घडला असा आरोप असलेली अठरा वर्षांखालची मुलं, प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत इथे राहतात. जागा म्हणजे एक जुनी लष्करी बराक. मंजुरी चाळीस मुलांची आणि मुलं त्र्याऐंशी. रात्री एकाने कूस बदलली की अख्ख्या रांगेला बदलावी लागायची. एकाला खरूज झाली की आठवड्यात सगळे खाजवायचे. गेल्या महिन्यात भिंतीकडेच्या जागेवरून दोघांची जुंपली आणि एकाचा हात मोडला. यशोधरा इथली अधीक्षक होती. तो मोडलेला हात प्लास्टरमध्ये जाताना तिने पाहिला होता आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

मागच्या मोकळ्या जागेवर दुमजली इमारत बांधायची, असा प्रस्ताव होता. जिल्ह्याच्या समितीने पैसे बाजूला काढले होते, पण मंजुरी एकतीस मार्चच्या आत व्हायला हवी होती, आणि त्याआधीची शेवटची बैठक सोमवारी अकराला ठाण्यात होती. अडलं होतं शेजाऱ्यांवर. मागे तीन इमारती, एकशेवीस घरं. अकरा महिने दारोदार फिरून यशोधराने त्यांच्या संमतीच्या सह्या मिळवल्या होत्या. एका कागदावर दहा घरं, असे बारा कागद. त्या गोळा झाल्यावर शेजारच्या सोसायटीचे अध्यक्ष गोप मखिजा यांनी तक्रार ठोकली की सह्या खोट्या आहेत. समितीने कळवलं, सोमवारी मूळ कागद आणा, स्कॅन चालणार नाही.

तेच मूळ कागद त्या निळ्या फोल्डरमध्ये होते.

"बाय, पाय जरा वर घ्या." यशोधरा सुन्न होऊन खुर्चीत बसली तोवर सुंदराबाई बादली घेऊन आत आली होती. स्वयंपाक आणि साफसफाई दोन्ही तिच्याकडे. गाव बारवी धरणाकडचं, आवाज तिकडच्या रानात हाक मारायला शिकलेला. "काल शुक्रवार, टाकीत थेंब नाय. दोन दिसांची धूळ साचलीय निसती."

धूळ! यशोधरा उडालीच. धुळीत पावलांचे ठसे असणार!

"थांबा, सुंदराबाई! पुसू नका!"

"पुसली की." सुंदराबाईने फडकं पिळलं. "दारापास्नं तुमच्या खुर्चीपत्तुर झालीबी. कपाटाम्होरचं तर आधी पुसलं, तिथं लई व्हती."

२

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता यशोधराने फोल्डर स्वतःच्या हाताने आत ठेवला होता. शुक्रवारी ती दिवसभर मुलांच्या सुनावणीच्या तारखांसाठी बाहेर होती. म्हणजे जे काही झालं ते शुक्रवारी. कुलूप मोडलेलं नव्हतं, पण त्याचं कौतुक करण्यात अर्थ नव्हता. कपाटाची किल्ली तिच्या खोलीतल्या कॅलेंडरमागे खिळ्याला लटकायची आणि हे गुपित उमेदमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलांचा प्रश्नच नव्हता. बराक आणि ऑफिस यांच्यामध्ये जाळीचं दार, आणि त्याची किल्ली फाटकावरच्या रामभाऊंच्या कमरेला. रामभाऊंनी रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. शुक्रवारी बाहेरचे दोनच जण आले होते. बारा वाजून वीस मिनिटांनी गोप मखिजा, तक्रारीची प्रत द्यायला. तीन वाजून दहा मिनिटांनी विष्णुपंत सोवनी.

"सोवनी काका? ते तर शनिवारी येतात."

"तुम्हाला भेटायला आले होते. तुम्ही नाही म्हटल्यावर म्हणाले, जरा आत टेकतो. मी चहाला गेलो, परत आलो तोवर निघून गेलेले. आज शिकवायला येणार नाहीत, गुडघा धरलाय म्हणून फोन होता सकाळी."

विष्णुपंत म्हणजे अंबरनाथच्या एका कारखान्यातले निवृत्त अधिकारी. दर शनिवारी येऊन ते मुलांना मोजमापं आणि फिटरचं काम शिकवायचे. सह्यांसाठी यशोधराच्या बरोबरीने पायऱ्या झिजवणारा तो एकच माणूस. 'गुलमोहर' इमारतीची वीस घरं तर त्यांनी एकट्याने केली होती. त्यांच्या नावाशी ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली.

बाहेरच्या टेबलावर बसणारी लिपिक प्रीती रडायच्या बेतात होती.

"मॅडम, मी शुक्रवारी जागेवरच होते. फक्त तीनला भाजीचा टेम्पो आला तेव्हा मोजून घ्यायला मागे गेले, अर्धा-पाऊण तास."

"आणि मखिजा आले तेव्हा?"

"इथेच होते ना. पत्र दिलं, मी शिक्का मारला, गेले. पाचेक मिनिटं असतील."

बोलताना प्रीती यशोधराकडे बघत नव्हती. स्टेपलर उघडत होती, मिटत होती.

यशोधरा फाटकापाशी गेली तेव्हा रामभाऊ रजिस्टर पुन्हा खिळ्याला अडकवत होते. कोणी ऐकत नाही ना, हे त्यांनी मान वळवून पाहिलं.

"पाच मिनिटं म्हणाली का ती पोरगी?" ते हळूच म्हणाले. "बाई, मखिजाशेठ चांगले वीस मिनिटं आत होते. आणि बाहेर आले ते हसत."

३

दुपारी ती वांगणीला गेली. तपासाला म्हणाल तर तपासाला, पण खरं सांगायचं तर धीर गोळा करायला. वडील गेल्यापासून तिला जिथे मनातलं बोलता यायचं अशी दोनच माणसं होती. एक बुद्धभूषण आणि दुसरे सोवनी काका.

कारखान्याच्या वसाहतीतलं क्वार्टर सोडल्यावर विष्णुपंतांनी वांगणीत छोटं घर बांधलं होतं. पुढे बाग, आणि बागेवर त्यांचा फार जीव. ती गेली तेव्हा ते नळी धरून कर्दळींना पाणी घालत होते. गुडघ्याचं दुखणं चेहऱ्यापर्यंत चढलेलं दिसत होतं.

"ऐन मार्चात एवढं पाणी, काका? आमच्याकडे पिंपात बघून तांब्या बुडवावा लागतो."

"बोअर आहे गं. चोवीस तास. पाण्याची ददात मला जन्मात कधी पडली नाही. वसाहतीतसुद्धा कारखान्याची स्वतःची टाकी होती." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "काय झालं? तोंड का असं उतरलंय?"

तिने सांगितलं. ते ऐकत कर्दळींना पाणी घालत राहिले.

"स्कॅन आहे ना पण?" शेवटी ते म्हणाले. "मग चालवून घेतील गं. कागद गहाळ होतातच सरकारदरबारी. म्हणावं, मूळ सापडत नाही, प्रत घ्या. ओरडतील थोडं."

"काल तुम्ही आला होतात ना? कोणी दिसलं का माझ्या खोलीपाशी?"

"आलो होतो खरा, पण खोलीत पाऊल नाही टाकलं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली होती. म्हटलं, माझ्या चपलांनी कशाला घाण करा. उंबऱ्यावरून मागे फिरलो. कोणी दिसलं नाही बुवा."

त्यांचा स्वभावच तसा. चहा पिऊन कपसुद्धा विसळून ठेवणारा माणूस. यशोधराला बरं वाटलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. समितीच्या ठाण्याच्या ऑफिसातले साहेब होते आणि आवाजात गोडवा नव्हता. कागद गेल्याचं तिनेच सकाळी कळवलं होतं.

ती नुसती "हो सर, हो सर" करत राहिली. मग तिने फोन ठेवला.

"काय म्हणतात?"

"सोमवारी मूळ कागद नसतील तर प्रस्ताव बाद. आणि खोट्या सह्या लपवायला मीच कागद नाहीसे केले, असं धरून माझी चौकशी. निलंबन करून."

विष्णुपंतांच्या हातातली नळी खाली पडली. पाणी पायवाटेवरून वाहत तिच्या चपलांपर्यंत आलं तरी ते वाकले नाहीत.

"तुझी चौकशी?" ते म्हणाले. "तुझी कशाला?"

४

रविवारी सकाळी ती थेट मखिजांकडे गेली. रात्र कशी गेली ते बुद्धभूषणला विचारावं. त्याने तीनदा उठून तिला पाणी दिलं होतं.

गोप मखिजांचा जीन्स शिवायचा कारखाना पलीकडच्या गल्लीत होता आणि ऑफिस गुलमोहरच्या तळमजल्यावर, आईच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत. आई, सतीबाई, चौऱ्याऐंशीच्या. मुलाच्या बंगल्यात त्यांचं मन लागत नाही म्हणून त्या इथेच राहायच्या आणि ऑफिसच्या कोपऱ्यात झोपाळ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळायच्या.

"मी चोरले?" मखिजा खो खो हसले. "मॅडम, मला तर ते कागद पाहिजेत! स्कॅनमध्ये काय दिसतं? काळं-पांढरं. ओरिजिनल टेबलवर ठेवा, मी सगळ्यांसमोर प्रूफ करतो. अब वो गुम हो गया तो मेरी कम्प्लेंट का क्या? हवा!"

"शुक्रवारी वीस मिनिटं आत काय करत होतात?"

"प्रीती बेटीला जॉब देत होतो. तुमचं बंद पडणार, मग पोरीने काय करायचं? ती म्हणाली विचार करून सांगते, मॅडमना बोलू नका. घ्या, तुम्हीच बोलायला लावलं."

असं होय! स्टेपलरचं कोडं सुटलं, पण कागदांचं तसंच राहिलं. मखिजा अरेरावी करणारे होते, पण त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

"तुम्हाला इतकी खात्री कशी, की सह्या खोट्या आहेत?"

"सगळ्या नाही म्हणत मी. पण आहेत." त्यांनी बोट हलवलं. "कोणत्या, ते सोमवारी. इथे सांगून तुम्हाला तयारी करायला वेळ देऊ काय?"

दारात कुरियरवाला आला. "सतीबाई मखिजा?" झोपाळ्यावरच्या म्हातारीने हात पुढे केला, चष्मा नाकावर ओढला आणि कागद मांडीवर घेऊन सही केली.

यशोधरा बघत राहिली. म्हातारीचा हात कागदाच्या उजव्या कडेपासून सुरू झाला आणि डावीकडे सरकत गेला. जुनी सिंधी लिपी, उर्दूसारखी दिसणारी. कॅम्प चारमधली ऐंशीच्या पुढची माणसं अशीच सही करतात. तिने स्वतः अशा कितीतरी सह्या घेतल्या होत्या.

"अम्मा, तुम्ही इंग्रजीत नाही करत सही?"

"मला एबीसी येत नाय, बेटा," सतीबाई हसल्या. "बँकेतपण हीच चालते."

मखिजांचं हसू थांबलं होतं. ते यशोधराच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

५

स्कॅन प्रीतीच्या कॉम्प्युटरमध्ये होता. रविवार असून ती धावत आली, आल्या आल्या नोकरीची गोष्ट सांगून मोकळी झाली आणि वर पोटभर रडली. यशोधराने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता कागद उघड."

पहिल्या आठ कागदांवर नुसती गर्दी होती. मराठी सह्या, इंग्रजी सह्या, फिसकटलेले अंगठे, उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या सिंधी सह्या, एकावर तर चहाचा डाग. माणसांनी दारात उभं राहून, भिंतीला कागद टेकवून केलेल्या सह्या अशाच दिसतात. अकराव्या आणि बाराव्या कागदावरही तसंच.

नववा आणि दहावा मात्र शहाण्या मुलाच्या वहीसारखे. वीसच्या वीस सह्या इंग्रजीत. कोणी ओळीबाहेर गेलेलं नाही. एकही अंगठा नाही, एकही सिंधी सही नाही. दहाव्यावर अगदी शेवटची ओळ होती, 'सतीबाई मखिजा'. पुढे गोलसर, सुबक इंग्रजी सही.

"मॅडम," प्रीती म्हणाली, "हे दोन कागद गुलमोहरचे ना?"

यशोधराने मान हलवली. तिला ते नाव मनातसुद्धा उच्चारायचं नव्हतं. पण तिने डोकं धरलं आणि एकेक धागा ओढून पाहिला.

ज्याला प्रस्ताव पाडायचा आहे त्याने अख्खी फाईल नेली असती. चोराने नकाशे ठेवले, अंदाजपत्रक ठेवलं आणि फक्त सह्या नेल्या. आणि स्कॅन आहे हे त्याला ठाऊक असणार. म्हणजे त्याला प्रस्ताव पडायला नको होता, फक्त मूळ कागद तपासले जायला नको होते. तसं कोणाला वाटेल? त्यातल्या सह्या ज्याने स्वतः केल्या त्याला. नऊ आणि दहा नंबरचे कागद कोणाकडे होते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण ते तर आत आलेच नव्हते! फरशी ओली होती म्हणून उंबऱ्यावरून फिरले. त्या एका वाक्याला धरून ती बसून राहिली. वाक्य किती खरं वाटत होतं. किती त्यांच्या स्वभावाला धरून.

आणि मग तिला कळलं.

"प्रीती, शुक्रवारी आपल्याकडे फरशी पुसतात?"

प्रीतीने स्क्रीनवरून मान वळवली. "शुक्रवारी? पाणी बंद असतं ना, मॅडम. शुक्रवारी कोण पुसेल?"

कोणीच नाही. अंबरनाथचा, बदलापूरचा, उल्हासनगरचा कोणताही माणूस थाप मारायची म्हटली तरी शुक्रवारची फरशी ओली करणार नाही. गुरुवारी पिंपं भरायची आणि शुक्रवारी तांब्या जपून वापरायचा, हे त्याच्या हाडात असतं. ही चूक एकाच प्रकारच्या माणसाकडून होऊ शकते. ज्याला जन्मात पाण्याची ददात पडली नाही आणि जो उमेदमध्ये फक्त शनिवारी, सुंदराबाई दोन दिवसांची धूळ पुसत असते तेव्हाच येतो.

६

ती वांगणीला पोचली तेव्हा विष्णुपंत ओट्यावर बसले होते. वाटच बघत असल्यासारखे. टीपॉयवर निळा फोल्डर होता, वर पेपरवेट ठेवलेला.

"मीच येणार होतो संध्याकाळी," ते म्हणाले. "बस."

ती बसली नाही. "का, काका?"

"वरून सुरुवात केली होती गुलमोहरला. म्हटलं, चौथ्या मजल्यावरून उतरत येऊ, गुडघ्याला सोपं. पहिल्या दारात बाई म्हणाली, चोर पोरं आणून आमच्या खिडकीखाली ठेवणार का? दुसऱ्याने तोंडावर दार लावलं. तिसऱ्याने विचारलं, किती कमिशन मिळतं? चौथं दार मी वाजवलंच नाही. जिन्यावर बसलो. चौतीस वर्षं कारखान्यात तपासणी अधिकारी होतो गं. केसभर कमी-जास्त असेल तर माल परत पाठवायचो. कोणी मला असं बोललं नव्हतं कधी."

नळाखालच्या बादलीत पाणी ठिबकत होतं.

"आणि तुझा फोन आला. 'काका, झालं का? एकही घर सोडायचं नाही हं.' मी म्हटलं, झालं. तोंडातून गेलं. मग करावंच लागलं. घरी बसून, यादी पुढे ठेवून. मखिजाने मूळ कागद मागितले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. वाटलं, ते नसले की स्कॅनवर भागेल, तुला फार तर दटावतील. निलंबनाचं ध्यानातच आलं नाही." त्यांनी फोल्डर पुढे सरकवला. "फाडायला घेतले होते काल. तुझे दहा कागद हातात आले आणि फाडवेनात."

यशोधराला संताप आला होता. तो घेऊनच ती आली होती. पण आता तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"काका, दोन तृतीयांश घरं लागतात," ती म्हणाली. "एकशेवीसमधली ऐंशी. माझ्या शंभर खऱ्या होत्या."

विष्णुपंतांनी मान वर केली.

"मग एकही घर सोडू नको का म्हणायचीस?"

उत्तर तिच्याकडे होतं, पण लाजिरवाणं. शंभर असताना तिला एकशेवीस हवे होते, कारण एकशेवीस असले तरच झोप लागेल असं तिला वाटत होतं. गॅस तीनदा बघणारी बाई ती. आपला घोर आपल्यापुरता असता तर ठीक होतं. तो तिने एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात घातला होता आणि चार मजले चढायला पाठवलं होतं.

"उद्या मी येतो ठाण्याला," विष्णुपंत म्हणाले. "मी सांगतो. तू बोलायचं नाहीस."

७

सोमवारी बैठकीत मखिजा दहावा कागद हातात घेऊन उठले. त्यांनी घसा साफ केला आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून विष्णुपंत उभे राहिले. कारखान्यात खराब मालाचा अहवाल द्यावा तसं त्यांनी सांगितलं. नऊ आणि दहा, दोन्ही कागद खोटे, वीसही सह्या माझ्या, कपाटातून फोल्डरही मीच नेला, अधीक्षकांना यातलं काही माहीत नव्हतं. बसताना मात्र त्यांना खुर्ची सापडेना. यशोधराने हात धरून बसवलं.

मग दोन तास चालले. उरलेल्या शंभर सह्या एकेक करून ताडून पाहिल्या गेल्या. मखिजांनी स्वतः तीन सह्यांवर बोट ठेवलं आणि तिन्ही खऱ्या निघाल्या. शेवटी साहेबांनी चष्मा काढला. प्रस्ताव मंजूर. अधीक्षकांना निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद. सोवनींवर रीतसर तक्रार आणि उमेदच्या आवारात त्यांना यापुढे बंदी.

त्यातलं शेवटचं वाक्य ऐकताना विष्णुपंतांनी मान डोलवली, पण डोळे भरून आले. त्यांचा शनिवार गेला होता. यशोधराला मंजुरीचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण पुरता नाही.

संध्याकाळी ती अंबरनाथला घरी गेली नाही. कोरा कागद घेऊन गुलमोहरला गेली. गरज काहीच नव्हती. मंजुरी झाली होती, शंभर घरं पुरली होती. पण त्या वीस घरांच्या नावावर कोणीतरी त्यांना न विचारता हो म्हटलं होतं, आणि ते तिला सलत होतं. या वेळी तिने तळमजल्यापासून सुरुवात केली.

दार सतीबाईंनी उघडलं. यशोधराने माफी मागितली, सगळं सांगितलं. म्हातारी पुन्हा झोपाळ्यावर बसून ऐकत होती आणि झोपाळा हळूहळू हलत होता.

"म्हणजे वरच्या लोकांना विचारलं, मला कोणी विचारलंच नाही?"

"नाही, अम्मा. काका वरूनच परत फिरले. तुमच्या दारावरून गेले असतील."

"पागल." सतीबाईंनी चष्मा शोधला. "तुमची ती बराक आहे ना, मुलांची? मी पाच वर्षांची असताना सिंधमधून आलो तेव्हा आम्हाला तिथंच ठेवलेलं. मध्ये गोणपाटं टांगून अठरा कुटुंबं. एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागायची. माझा बाप भला माणूस, पण जागेसाठी त्यानेपण एकाचं डोकं फोडलं होतं तिथं. जागा नसली की माणूस कसा होतो, ते मला विचार. गोपला काय माहीत? तो बंगल्यात जन्मला."

यशोधराने कागद पुढे केला आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

"कुठे करू?"

"इथे, पहिल्या ओळीवर."

सतीबाईंनी कागद मांडीवर नीट बसवला. मग उजव्या कडेला पेन टेकवलं आणि सावकाश, डावीकडे सरकत, सही केली.